महिलांच्या खेळात पारलिंगी खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा पातळीवरच्या मैदानी स्पर्धांत मी बरीच वर्षे पंच म्हणून उभी राहते आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पालक, क्रीडा शिक्षक आणि धावणाऱ्या मुली या विषयावर मला थांबवून विचारू लागल्या. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र करून लिहायला बसले. जिथे माझे मत आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

मुळात मुलींच्या स्पर्धा वेगळ्या का असतात?

पोलीस भरतीच्या मैदानावर जा, उत्तर समोर दिसेल. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पाचवी-सहावीच्या शर्यतीत कितीदा तरी मुलगीच सगळ्यांच्या पुढे असते. मग मुलगा वयात येतो, त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कितीतरी पटींनी वाढते आणि दोन-तीन वर्षांत सगळे चित्र पालटते. उंची वाढते, हाडे रुंद आणि जाड होतात, स्नायू भरतात, हृदय आणि फुफ्फुसे मोठी होतात, रक्तातले हिमोग्लोबिन वाढते.

सर्वोच्च पातळीवर हा फरक धावण्यात दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास दिसतो, उड्यांमध्ये त्याहून जास्त आणि वजन उचलण्यात आणखी मोठा. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, महिलांचा १०.४९ चा. उंच उडीत पुरुषांचा २.४५ मीटर, महिलांचा २.१० मीटर. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण १०.४९ ही आजवरच्या सर्वांत वेगवान बाईची वेळ आहे, आणि ज्यांचे नावही आपण ऐकलेले नाही असे आपल्या देशातले चांगले पुरुष धावपटू त्याहून वेगाने पळतात. वेगळा गट नसता तर मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत बाई दिसलीच नसती. हे आधी मनात पक्के असले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद या एका गटाच्या कुंपणाचा आहे.

पारलिंगी स्त्री म्हणजे कोण? आणि ती अल्जीरियाची बॉक्सर पारलिंगी होती ना?

नव्हती. हा घोळ मी रोज ऐकते, म्हणून जरा सावकाश सांगते.

जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा म्हणून झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तशी जगते, ती पारलिंगी स्त्री. काही जणी संप्रेरकांचे उपचार घेतात, काही शस्त्रक्रिया करून घेतात, काही दोन्ही करत नाहीत.

दुसरा गट पूर्ण वेगळा आहे. काही बाळे जन्मतः मुलगी म्हणून नोंदली जातात, मुलगी म्हणून वाढतात, आईवडिलांना किंवा तिला स्वतःला कधी शंकाही येत नाही. पण गुणसूत्रे, ग्रंथी किंवा संप्रेरके नेहमीच्या साच्यात बसणारी नसतात. याला लैंगिक विकासातील फरक म्हणतात, क्रीडा नियमांच्या भाषेत डीएसडी. दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या हे यातले सर्वांना माहीत असलेले नाव. अशा खेळाडूने काही 'बदललेले' नसते. ती जन्मली तशीच आहे.

ती अल्जीरियाची बॉक्सर म्हणजे इमान खलीफ. ती मुलगी म्हणून जन्मली आणि वाढली. २०२३ मध्ये नवी दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत त्या वेळच्या बॉक्सिंग संघटनेने तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला लिंगचाचणीचे कारण देऊन अपात्र ठरवले. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या संघटनेची मान्यताच काढली, पॅरिसचे बॉक्सिंग स्वतः घेतले आणि पासपोर्टवरची नोंद ग्राह्य धरली. इटलीच्या अँजेला कारिनीने ४६ सेकंदांत लढत सोडली आणि काही तासांत आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवरही 'पुरुषाने बाईला मारले' असे फिरू लागले. दोघींनी आपापल्या वजनगटात सुवर्ण जिंकले. खलीफच्या शरीराविषयी तुम्ही-आम्ही गल्लीत बसून निकाल द्यायचे कारण नाही, आणि तिला पारलिंगी म्हणणे तर सरळ चूक आहे.

औषधाने टेस्टोस्टेरॉन कमी केले की फायदा निघून जातो ना?

काही भाग जातो, सगळा जात नाही. रक्तातले हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येते. स्नायू आणि ताकद मात्र फार सावकाश घटतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात वर्षभराच्या उपचारांनंतर ही घट साधारण पाच टक्केच दिसली. उंची, खांद्यांची रुंदी, हाताची लांबी यांत काहीच फरक पडत नाही, कारण वाढलेले हाड परत आखूड होत नाही. अमेरिकेच्या हवाई दलातल्या लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन वर्षांनंतर जोर-बैठकांसारख्या चाचण्यांतला फरक मिटला होता, पण पळण्यात पारलिंगी स्त्रिया तरीही सुमारे बारा टक्क्यांनी पुढे होत्या.

उलट बाजूचाही पुरावा आहे. ऑलिंपिक समितीच्या पैशातून झालेल्या आणि २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात पारलिंगी खेळाडू स्त्रियांची पकड इतर स्त्रियांपेक्षा जास्त मजबूत होती, पण शरीराच्या वजनाच्या मानाने उडी आणि ऑक्सिजन वापरण्याची क्षमता कमी होती. मोठी हाडे आणि कमी झालेले इंधन, असा हा प्रकार. या सगळ्या अभ्यासांची मुख्य अडचण अशी की त्यांतली माणसे मोजकी असतात, आणि बहुतेकदा ती अव्वल खेळाडू नसतात.

माझ्या मते पुरावा एका बाजूला झुकतो: पुरुष म्हणून वयात आलेल्या शरीराचा फायदा पुढच्या औषधाने पुरता पुसला जात नाही. खेळ कोणता, यावर तो कमीजास्त होतो. गोळाफेकीत आणि नेमबाजीत तो सारखा असेल असे कुणीच म्हणणार नाही.

सध्याचे नियम काय सांगतात?

ते गेल्या वीस वर्षांत अनेकदा फिरले. २००४ पासून ऑलिंपिक समितीने शस्त्रक्रिया आणि दोन वर्षांचे उपचार या अटींवर प्रवेश दिला. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली आणि टेस्टोस्टेरॉन एका लिटरला १० नॅनोमोलच्या खाली असावे, ही मुख्य अट राहिली. स्त्रियांमधले प्रमाण साधारण दोनच्याही खाली असते हे लक्षात घेतले तर ही मर्यादा किती सैल होती ते कळते. २०२१ मध्ये समितीने 'प्रत्येक खेळाच्या महासंघाने आपापले ठरवावे' अशी भूमिका घेतली.

मग महासंघांनी एकेक करून दार लावून घेतले. पहिले रग्बीचे, २०२० मध्ये; तिथे प्रश्न पदकापेक्षा मान-मणक्याच्या दुखापतीचा होता. जून २०२२ मध्ये जलतरण, मार्च २०२३ मध्ये ॲथलेटिक्स, जुलै २०२३ मध्ये सायकलिंग, नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रिकेट. शब्द वेगवेगळे आहेत, गाभा एक: पुरुष म्हणून वयात आल्यावर आंतरराष्ट्रीय महिला गटात खेळता येणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत अध्यक्षांच्या आदेशानंतर महाविद्यालयीन खेळांचा नियम एका दिवसात बदलला. ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातल्या 'स्त्री' शब्दाचा अर्थ जैविक लिंगाशी बांधला, त्यानंतर इंग्लंडच्या फुटबॉल आणि क्रिकेट संघटनांनी हौशी पातळीवरही तीच बंदी आणली. ही शेवटची पायरी मला पटत नाही. का ते पुढे येईल.

अशा खेळाडू आहेत तरी किती?

फार थोड्या. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटसमोर सांगितले की सुमारे ५,१०,००० खेळाडूंमध्ये त्यांना माहीत असलेले पारलिंगी खेळाडू दहापेक्षा कमी आहेत. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलमध्ये बंदी आली तेव्हा नोंदणी असलेल्या अशा स्त्रिया तीसहून कमी होत्या. ॲथलेटिक्सने बंदी जाहीर केली त्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षांनीच मान्य केले की आंतरराष्ट्रीय पातळीवर या खेळात सध्या कुणीच पारलिंगी खेळाडू नाही.

म्हणून प्रश्नच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अंतिम फेरीत आठच पट्टे असतात. नवव्या आलेल्या मुलीला आकडेवारी सांगून समजूत पटत नाही.

पण लॉरेल हबर्ड तर ऑलिंपिकमध्ये हरली. मग भीती कशाची?

न्यूझीलंडची पारलिंगी वेटलिफ्टर हबर्ड टोकियोत ८७ किलोवरील गटात उतरली आणि स्नॅचच्या तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली. त्या वेळी तिचे वय चाळिशीच्या पुढे होते. उलट उदाहरण अमेरिकन जलतरणपटू लिया थॉमसचे: आधी विद्यापीठाच्या पुरुष संघात पोहली, मग मार्च २०२२ मध्ये ५०० यार्ड फ्रीस्टाइलचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद जिंकले. दोन्ही बाजूंचे लोक आपापले नाव पुढे करतात. एका हरण्याने किंवा एका जिंकण्याने नियम ठरत नसतो. पंधरा वर्षांचा मुलगा चौदाखालच्या गटात खेळून हरला, तरी वयचोरी ती वयचोरीच, हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रशिक्षकाला सांगावे लागत नाही. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पारलिंगी खेळाडू चोरी करत नसते. ती खरी ओळख सांगून, त्या वेळच्या नियमात बसून खेळलेली असते. थॉमस आणि हबर्ड दोघीही तशाच खेळल्या. राग असेल तर तो नियमावर काढावा, माणसावर काढू नये.

जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे लांब हात चालतात, मग हाच फायदा का खुपतो?

प्रश्न रास्त आहे. खेळात निसर्गाचे झुकते माप असतेच. पण लांब हातांचा आणि आखूड हातांचा असे गट आपण पाडलेले नाहीत. वजनाचे पाडलेत, वयाचे पाडलेत, लिंगाचे पाडलेत. जिथे गट आहे तिथे रेषा आहे, आणि रेषा निर्दय असते. पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोला शंभर ग्रॅम जास्त भरली आणि सगळे हातचे गेले. आपण सगळे रडलो, पण कुस्तीतले वजनगट काढून टाका असे कुणी म्हणाले नाही.

सेमेन्याच्या बाबतीत मात्र हाच युक्तिवाद मला जड जातो, कारण तिचे शरीर हेच तिचे जन्माचे शरीर आहे. क्रीडा लवादाने मे २०१९ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की तिच्यासारख्या खेळाडूंना टेस्टोस्टेरॉन कमी करायला लावणारा नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गट राखण्यासाठी आवश्यक आणि वाजवी आहे. निकालातच भेदभावाची कबुली आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितले की स्वित्झर्लंडच्या न्यायालयात तिची बाजू पुरेशा कसोशीने ऐकली गेली नाही. तोवर तिची धावण्याची वर्षे निघून गेली होती.

तिसरा, खुला गट का नाही काढत?

जलतरण महासंघाने काढून पाहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात खुल्या गटाच्या शर्यती ठेवल्या आणि एकही प्रवेशिका आली नाही. संख्या कमी हे एक कारण. दुसरे असे की चार जणांच्या शर्यतीत उतरायचे म्हणजे सगळ्या जगासमोर पाटी लावून उभे राहायचे.

त्यांच्या स्वतःच्या स्पर्धा ही वेगळी गोष्ट, आणि ती आपल्या देशात झाली आहे. २०१७ मध्ये केरळने पारलिंगी व्यक्तींची राज्य क्रीडा स्पर्धा भरवली. २०२० मध्ये इंफाळमध्ये पारलिंगी खेळाडूंचा फुटबॉल संघ उभा राहिला. तिथे कुणाला पदकाच्या वादाची चिंता नव्हती. अशा स्पर्धा महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. पण त्या दिल्या म्हणजे मुख्य प्रवाहातले दार कायमचे बंद, असा हिशेब नको.

पारलिंगी पुरुषांचे काय? त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

खरे आहे, आणि टेक्ससमधले एक उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावे. मॅक बेग्स हा पारलिंगी मुलगा, म्हणजे जन्मनोंद मुलीची, पण स्वतःला मुलगा म्हणून ओळखणारा; कुस्तीगीर. उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन घेत होता आणि त्याला मुलांमध्येच लढायचे होते. राज्याचा नियम म्हणाला, जन्मदाखल्याप्रमाणे मुलींमध्ये लढ. तो लढला, आणि २०१७ व २०१८ अशी दोन वर्षे मुलींचा राज्य विजेता झाला. त्याचे त्यात समाधान नव्हते आणि मुलींना न्याय मिळाला नाही. नुसत्या दाखल्याकडे बघून बनवलेला नियम असा दोन्हीकडून फसतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याने पुरुष गटात, वैद्यकीय सूट घेऊन खेळावे, ही आजची सर्वसाधारण पद्धत शहाणपणाची आहे. कॅनडाची फुटबॉलपटू क्विन पारलिंगी आणि नॉन-बायनरी आहे, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष असे न मानणारी. जन्मनोंद मुलीची असल्याने टोकियोत महिला संघातून सुवर्ण जिंकले आणि त्यावर फारसा वाद झाला नाही.

सगळ्या मुलींची एकदाच चाचणी केली की वाद मिटेल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी नेहमी शांती सौंदराजनची गोष्ट सांगते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या मजूर कुटुंबातली ही मुलगी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकली. चाचणी झाली, पदक काढून घेतले, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभरच्या वाहिन्यांवर झाली. तिने कुणाला फसवले नव्हते. पुढे तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यातून उठून ती प्रशिक्षक झाली, मुलांना पळायला शिकवू लागली, हे तिचे मोठेपण. व्यवस्थेने मात्र तिला तेव्हा वाऱ्यावर सोडले होते.

ओडिशाच्या विणकर घरातल्या द्युती चंदला २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून काढले, कारण तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त होते. ती लवादात गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला, कारण महासंघाला फायदा किती होतो हे दाखवता आले नव्हते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरची रौप्यपदके आणली. एका भारतीय मुलीने जगाचा नियम थांबवला ही आपल्याकडे पुरेशी माहीत नसलेली गोष्ट आहे.

चाचण्याही नव्या नाहीत. १९६६ मध्ये डॉक्टरांसमोर विवस्त्र उभे राहावे लागे. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रे बघू लागले. १९८५ मध्ये स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होजे मार्तिनेझ-पातिन्यो कोबेच्या स्पर्धेत अडकली: गुणसूत्रे एक्स-वाय, पण तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता, म्हणजे फायदा शून्य. तिला परत मान्यता मिळायला तीन वर्षे लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ जणींचा निकाल 'पॉझिटिव्ह' आला, म्हणजे वाय गुणसूत्राची खूण सापडली, आणि आठही जणींना खेळू दिले. १९९९ मध्ये समितीने हा प्रकार बंद केला.

आता तो परतला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या पुरुष घडवणाऱ्या जनुकाची, चाचणी सक्तीची केली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा रक्त द्यायचे, आयुष्यात एकदाच. मार्तिनेझ-पातिन्योसारख्या स्थितीतल्या खेळाडूंना नियमात सूट आहे. जुन्या पद्धतींच्या तुलनेत हे नक्कीच सुसह्य आहे. पण १९९० मध्ये ज्यांनी हे जनुक शोधले त्यांच्यापैकी ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच सांगितले आहे की जनुक असणे आणि शरीरात त्याने काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खेळासाठी ही चाचणी वापरू नका. आणि चाचणीनंतर काय? एकोणीस वर्षांच्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीला हा निकाल कोण सांगणार, तिच्या भाषेत कोण समजावणार, तो गुप्त कसा राहणार? शांतीच्या वेळी याचे उत्तर नव्हते. ते तयार नसेल तर चाचणीला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

क्रिकेटमध्ये आपल्याकडचे कुणी आहे का?

अनाया बांगर. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी, मुंबईच्या मैदानांवर मुलांमध्ये क्रिकेट खेळून वाढली. उपचारांचा अनुभव तिने स्वतः जाहीरपणे मांडला आहे आणि महिला क्रिकेटचे दार उघडावे अशी मागणी केली आहे. आयसीसीच्या २०२३ च्या नियमामुळे आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट तिला बंद आहे. त्याच नियमाने कॅनडाकडून काही महिने आधीच पदार्पण केलेल्या डॅनियल मॅकगाहीची कारकीर्द संपली. नियमाच्या गाभ्याशी मी सहमत आहे, तरी अनायाचे बोलणे ऐकताना वाईट वाटते. बॅट हातात धरून मोठ्या झालेल्या माणसाला मैदानच नाही, याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

बुद्धिबळातही बंदी आहे म्हणे?

२०२३ मध्ये जागतिक महासंघाने पारलिंगी स्त्रियांना महिला स्पर्धांपासून निर्णय होईपर्यंत रोखले. पटावर हाडांची लांबी चालत नाही. मला या बंदीचे समर्थन करता येत नाही.

मग शाळा आणि तालुका पातळीवर काय करायचे?

तिथे पदक नव्हे, मैदानावर येणे महत्त्वाचे. वयात यायच्या आधीच्या मुलांना वेगळे पाडण्याचे शरीरशास्त्रात फारसे कारण नाही. मोठ्या मुलांच्या हौशी स्पर्धांत आयोजक, पालक आणि संघ एकत्र बसून मार्ग काढू शकतात: मिश्र संघ, वेळेप्रमाणे पाडलेले गट, निकालाबाहेर धावण्याची मुभा. ऑलिंपिकचा नियम उचलून रविवारच्या सामन्यावर लादणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

स्पर्धेत एखाद्या मुलीबद्दल 'ही मुलगी वाटत नाही' अशी तक्रार आली तर?

माझ्यासमोर आली आहे. ४०० मीटरची अंतिम शर्यत संपली होती. जिंकलेली मुलगी सोळा वर्षांची, ऊसतोड कामगारांच्या घरातली, केस बारीक कापलेले, आवाज जाडसर. दुसऱ्या आलेल्या मुलीचे पालक टेबलाशी येऊन मोठ्याने म्हणाले, 'आधी हिला तपासा.' ती दहा हातांवर उभी होती. तिने ऐकले आणि बक्षीस समारंभाला थांबलीच नाही.

त्यानंतर मी एक पद्धत पाळते. तक्रार तोंडी घेत नाही, चारचौघांत तर नाहीच. लेखी, सही करून, बंद खोलीत मुख्य पंचांकडे द्यायची. तिथे फक्त प्रवेशिकेवरची कागदपत्रे बघायची. ती बरोबर असतील तर विषय तिथेच संपला. कुणीही, डॉक्टर असला तरी, मैदानावर मुलीच्या शरीराची तपासणी करायची नाही. तिला कपड्यांवरून, केसांवरून, आवाजावरून प्रश्न विचारायचे नाहीत. तक्रार करणाऱ्याने मोबाइलवर फोटो काढला असेल तर तो तिथल्या तिथे पुसायला लावायचा. आणि बक्षीस समारंभ तोवर सुरू करायचा नाही, जोवर ती मुलगी रांगेत येऊन उभी राहत नाही.